बिल्बाओचा पपी, आणि त्याचे माळी

माद्रिदहून बसने पाचेक तास, उत्तर स्पेनमधल्या बिल्बाओत ज्या कुत्र्यासाठी आलो, त्याच्याभोवती परांची बांधलेली. वर भुरभुर पाऊस. गुगेनहाइम या कला-म्युझियमसमोर ओल्या चौकात उभी राहून मी फोनमधले दुसऱ्यांचे फोटो बघत होते आणि धुसफुसत होते. त्या फोटोंत अमेरिकन शिल्पकार जेफ कून्सचा ‘पपी’ नखशिखांत फुलांनी भरलेला. माझ्यासमोर मात्र अर्धं अंग मातकट, उरलेल्या अर्ध्यावर उन्हाळ्यातली मरगळलेली बिगोनिया.

हा पपी म्हणजे वेस्ट हायलंड टेरियर जातीचं पिल्लू. खरं पिल्लू कुशीत मावतं, हे साधारण १२ मीटर उंच, म्हणजे चार मजली चाळीएवढं. १९९२ साली जर्मनीतल्या आरोलसेनच्या राजवाड्यासमोर ते पहिल्यांदा उभं राहिलं, मग सिडनीच्या बंदराकाठी गेलं, आणि १९९७ पासून इथे आहे. आत पोलादी सांगाडा, त्यावर माती आणि कापड, आणि कापडातून बाहेर आलेली सुमारे ३८,००० रोपं. मे आणि ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा सगळं उपटून नवीन लावतात. आम्ही नेमके ऑक्टोबरात.

बाबांना मात्र लॉटरी लागली होती. सोसायटीच्या बागेची जबाबदारी गेली कित्येक वर्षं त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतली आहे. “याला पाणी कोण घालतं गं?” हा त्यांचा पहिला प्रश्न. आतून नळ्या फिरवल्यात म्हटल्यावर, “मग पोटाखालच्या रोपांना ऊन कुठून?” हा दुसरा. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून ते कठड्यालगत जाऊन उभे राहिले. खालच्या फळीवर एक माळीणबाई पॅन्सीचं रोप ट्रेमधून काढायची, मुळांचा गड्डा अंगठ्याने दाबून निमुळता करायची, कापडातल्या भोकात सारायची आणि वरून दोन बोटांनी थोपटायची. जांभळं, पिवळं, परत जांभळं. बाबांनी लांबूनच अंगठा दाबून दाखवला, बाईंनी हसून मान हलवली. तिथून त्यांना हलवायला मला अर्धा तास लागला.

तेवढ्या वेळात मी चौकाच्या नावाचं मूळ शोधलं आणि माझी धुसफुस थांबली. म्युझियमचं उद्घाटन १८ ऑक्टोबर १९९७ला, स्पेनच्या राजाच्या हस्ते. त्याच्या पाच दिवस आधी बिल्बाओ ज्यात येतं तो बास्क प्रदेश स्पेनपासून वेगळा करू पाहणाऱ्या ‘एटा’ या सशस्त्र संघटनेची माणसं माळ्यांच्या वेशात, व्हॅनमध्ये कुंड्या घेऊन इथे आली. कुंड्यांमध्ये स्फोटकं. चेमा आगिरे नावाच्या बास्क पोलिसाला व्हॅनचा नंबर खटकला, त्याने हटकलं, त्यांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकाला आता त्याचं नाव आहे.

हे बाबांना सांगितलं. ते परांचीकडे बघत म्हणाले, “माळी म्हटल्यावर कोण कशाला संशय घेईल?”

सेल्फी काढणाऱ्यांच्या घोळक्यात मी कुणालाच खाली मान घालून ते नाव वाचताना पाहिलं नाही. दोष त्यांना तरी काय द्यायचा, मान वर करूनच बघावं असं ते पिल्लू आहे.

म्युझियमच्या आत दोन तास फिरलो. वास्तुविशारद फ्रँक गेरीची इमारत सुरेख, पण तिकीट खिसा चांगलाच हलका करतं आणि पाय दुखले की टेकायला जागा सापडत नाही. मागे नदीकाठी शिल्पकार लुईज बुर्जुआची नऊ मीटरची कांस्याची कोळीण आहे, ‘मामां’. तिच्या पायांमधून आरपार जाता येतं, कुणी हटकत नाही. बाबा तिच्या पोटाखाली उभे राहून संगमरवरी अंडी बघून आले आणि म्हणाले, “हिला काही लावता येणार नाही.”

तुम्हाला सगळी फुलं हवी असतील तर ऑक्टोबर टाळा. रात्री जुन्या गावातल्या बारमध्ये उभ्याउभ्या पिंचोस, म्हणजे पावाच्या तुकड्यावर रचलेले छोटे पदार्थ, खाल्ले. शाकाहारी म्हणून मागितलेल्या बशीत टूना निघाला. तो मी खाल्ला. बाबांनी पावावरची मिरची तेवढी खाल्ली आणि हॉटेलवर येऊन मेथीच्या खाकऱ्याचं पाकीट फोडलं.