शेरूची दोन घराणी

आज शेरूला रेबीजची वर्षाची लस टोचून आणली. दवाखान्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "जात कुठली वो?" म्हटलं, आई लॅब्रॅडॉर, वडील गल्लीतले. काका हसले, पण दोन्ही घराणी त्याच्यात नांदतात हे खरंय. खायची हाव आणि पाणी दिसलं की उडी, हे आईकडनं. रंकाळ्यावर पट्टा दोन्ही हातांनी धरावा लागतोय! अनोळखी माणूस दारात आला की आधी लांबनं वास, मग भुंकणं, मग कुठं ओळख, हे वडिलांकडनं. सुई टोचताना मात्र डोकं माझ्या काखेत घालून गप्प उभा.

वजनाचा काटा बघून डॉक्टर म्हणाले, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आता रविवारची पंचाईत. आमच्यात मटण शिजलं की आज्जी त्याला तांबड्या रस्स्यात भाकरी कुस्करून द्यायला बघते. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे आतडं फाडू शकतात, सगळं सांगून झालं. "आमच्या वेळची कुत्री काय औषधावर जगली व्हय?" शेवटी तह झाला: मसाला पडायच्या आधी बिनहाडाचे चार तुकडे नुसत्या पाण्यात उकडायचे. भाकरी कोरडी, तीही चतकोर.

लहानी पुतणी त्याचे कान ओढते, तेव्हा हा बिचारा जांभया देत बसतो. सगळ्यांना ते गोड वाटतं. पण अशा वेळची जांभई झोपेची नसते, वैतागाची असते. मी लगेच तिला उचलून घेतो.