शब्द थांबतात तिथून पुढे

अमेरिकेत राहायला आल्यापासून इथल्या सार्वजनिक वाचनालयांतील मुलांचा विभाग ही माझी सर्वांत आवडती जागा झाली आहे. मुलांच्या पुस्तकातील चित्र हे मजकुराची शोभा वाढवण्यासाठी असते, असे आपण सहसा धरून चालतो. तिथल्या उत्तम चित्रपुस्तकांत मात्र मजकूर जे सांगत नाही नेमके तेच चित्र सांगते, आणि या दोहोंमध्ये मोकळी राहिलेली जागा मूल स्वतः भरून काढते.

पॅट हचिन्स या इंग्लिश चित्रकर्तीचे ‘रोझीज वॉक’ हे याचे अगदी सोपे उदाहरण आहे. एक कोंबडी फिरायला निघते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतते, एवढेच शब्दांत येते. कोल्ह्याचा उल्लेख एकदाही नाही. चित्रांत मात्र कोल्हा पानोपानी तिच्या मागावर असतो आणि दर वेळी फजीत होतो. हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवताना वाचणारा शांतपणे कोंबडीचा फेरफटका सांगत राहतो, आणि ज्यांना अजून अक्षरओळखही नाही अशी मुले कोल्हा कुठे लपला आहे ते ओरडून सांगतात. निवेदकाला जे माहीत नाही ते वाचकाला माहीत असणे, हा एरवी मोठ्यांच्या कादंबऱ्यांत भेटणारा आनंद इथे तीन वर्षांच्या मुलाला मिळतो.

अमेरिकन लेखक-चित्रकार मॉरिस सेंडॅक यांनी १९६३ साली ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये पानावरील जागेलाच अर्थ दिला. शिक्षा म्हणून खोलीत कोंडलेल्या मॅक्सचे चित्र सुरुवातीला रुंद पांढऱ्या समासात आक्रसलेले असते. खोलीत जंगल उगवू लागते तसतसे चित्र पसरत जाते, आणि अक्राळविक्राळ प्राण्यांचा धुमाकूळ सुरू झाल्यावर सलग तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. शेवटच्या पानावर याच्या उलट घडते. तिथे चित्र नाही, मॅक्सचे जेवण अजून गरम होते एवढे सांगणारे मोजके शब्द आहेत. अशी चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, कारण छापील कागदाच्या घड्या त्या हिशेबाने पडतात. त्यामुळे पान उलटण्याचा प्रत्येक क्षण लेखकाला जपून वापरावा लागतो.

अमेरिकन लेखक-चित्रकार ब्रायन सेल्झनिक यांनी ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ या पुस्तकात ही मर्यादाच ओलांडली. २००७ साली आलेल्या या पुस्तकाची पाने पाचशेहून अधिक आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पानांवर चित्रे आहेत. कथा १९३१ सालच्या पॅरिसमधील रेल्वे स्थानकात लपून राहणाऱ्या आणि तिथली घड्याळे चालू ठेवणाऱ्या अनाथ मुलाची आहे. सुरुवातीला चंद्र, मग शहर, मग स्थानक आणि शेवटी तो मुलगा, असे आपण काळ्या चौकटीतल्या पेन्सिलचित्रांमधून जवळ जवळ जात राहतो; प्रत्येक पान उलटणे म्हणजे कॅमेरा पुढे सरकणे. मग शब्द सुरू होतात, आणि पाठलागाचा प्रसंग आला की पुन्हा थांबतात. ही रचना मला केवळ चमत्कृती वाटत नाही, कारण कथेच्या केंद्रस्थानी मूकपटांच्या आरंभकाळातील थोर दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस आहेत, जे उतारवयात खरोखरच पॅरिसच्या एका स्थानकात खेळणी विकत असत. मूकपटाची गोष्ट मूकपटासारखी सांगणे याहून योग्य काय असेल? या पुस्तकाला २००८ चे कॅल्डेकॉट पदक मिळाले. १९३८ पासून दिले जाणारे हे पदक अमेरिकेतील सर्वोत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला मिळते. एका जाडजूड कादंबरीला ते द्यावे, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

तरीही मला सेल्झनिक यांचे २०११ मधील ‘वंडरस्ट्रक’ अधिक धाडसी वाटते. त्यात १९७७ मधील मुलाची गोष्ट शब्दांत आहे आणि १९२७ मधील मुलीची गोष्ट केवळ चित्रांत. ती मुलगी बहिरी आहे; तिचे जग पाहण्याचे आहे, म्हणून आपल्यालाही ते पाहूनच कळते. दोन्ही गोष्टी न्यूयॉर्कमध्ये एकमेकींना मिळतात, तेव्हा तोवर फक्त रेषांत भेटलेली ती मुलगी, आता वृद्ध झालेली, त्या मुलाच्या शब्दांतल्या गोष्टीत प्रवेश करते.