गाठ दिसतेय, मग पुन्हा सीटी कशाला?

देवास, खंडवा, बुऱ्हाणपूरहून सीडी घेऊन इंदूरला आलेले नातेवाईक हमखास विचारतात: स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ रिपोर्टात आहे, मग सर्जन पुन्हा सीटी का सांगतात? तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

गाठीसाठी नव्हे, शिरांसाठी.

आतड्याकडून येणारी एसएमव्ही आणि प्लीहेकडून येणारी स्प्लेनिक शीर स्वादुपिंडाच्या मानेमागे मिळतात. तिथून यकृताकडे जाते ती पोर्टल व्हेन. एवढं बहुतेक सगळ्यांत सारखं. त्यांना येऊन मिळणाऱ्या लहान शिरा मात्र माणसागणिक वेगळ्या, आणि स्वादुपिंडाचं डोकं काढण्याच्या व्हिपल ऑपरेशनमध्ये त्याच दगा देतात.

सर्वांत जपावी लागते ती लहान आतड्याच्या जेजुनम या भागातून येणारी पहिली जेजुनल शीर. बहुतेकांत ती एसएमए या आतड्याच्या मुख्य धमनीच्या मागून आडवी येते, काहींत पुढून. मागची शीर अनसिनेट (स्वादुपिंडाच्या डोक्याचा आकड्यासारखा भाग) सोडवताना फाटली, की तुटकं टोक धमनीमागे डावीकडे सरकतं. खड्डा रक्ताने भरतो, काही दिसत नाही. घाईत अंदाजाने क्लॅम्प लावला तर आतड्याची मुख्य धमनीच त्यात सापडते. आधी बोटाने दाबून धरायचं, सक्शनने जागा कोरडी करायची, टोक नीट दिसलं की मगच ५-० प्रोलीन या बारीक दोऱ्याचा टाका.

हेनलेचा ट्रंक (जठर आणि मोठ्या आतड्याकडच्या शिरा मिळून बनलेली शीर) मानेच्या खालच्या कडेशी उजवीकडून एसएमव्हीत शिरतो. आखूड असतो, मोठं आतडं खाली ओढलं की मुळाशीच फाटतो. म्हणून ओढण्याआधी बांधून कापावा. काहींत तो नसतोच, शिरा सुट्या येतात.

मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाकडून येणारी आयएमव्ही शीर कुणात स्प्लेनिकला मिळते, कुणात एसएमव्हीला. गाठ शिरेला चिकटली असेल आणि संगमाचा तुकडा काढताना स्प्लेनिक बांधावी लागली, तर हा फरक महत्त्वाचा. आयएमव्ही स्प्लेनिकला मिळत असेल तर प्लीहेच्या रक्ताला उलट्या दिशेने वाट राहते. नसेल, तर पुढे प्लीहा वाढू शकते, पोटात शिरा फुगून रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी स्प्लेनिक पुन्हा जोडायची का, हे आधीच ठरवलेलं बरं.

साध्या सीटीत हे उमटत नाही. पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) प्रोटोकॉलचा सीटी मागा: काप सुमारे १ मिमीचे, रंगद्रव्याच्या इंजेक्शननंतर साधारण ४०-४५ आणि ६५-७० सेकंदांना दोन फेऱ्या, प्यायला पांढऱ्या औषधाऐवजी साधं पाणी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी तपासून घ्या. नुसता रिपोर्ट नको, पूर्ण सीडी आणा.

आणि काविळीसाठी पित्तनलिकेत नळी टाकायची असेल तर शक्यतो हा सीटी त्याआधी करा. नळीनंतर सूज येते, मग शिरेला गाठ चिकटली आहे की सूज, हे सांगणं अवघड होतं.