आमची वाटचाल: रोज सकाळी एक सांधा

आमच्या वर्कशॉपमध्ये सकाळच्या पहिल्या तासात गिऱ्हाइकाच्या कामाला कुणी हात लावत नाही. त्या तासात प्रत्येक जण, मीसुद्धा, उरलेल्या तुकड्यांवर एक सांधा करतो. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचं, दुसऱ्यात त्याच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही बसवायची आणि मग करवतीने तो सांधा मधोमध चिरायचा. आत कुठे फट दिसते तिथे पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची. बाहेरून घट्ट दिसणारा सांधा आतून किती पोकळ असतो, ते चिरल्याशिवाय कळत नाही. भरीव लाकडाचं फर्निचर करणारी आमची छोटी फर्म उभी राहिली ती या तासावर.

सुरुवात मी आणि माझा एक मित्र अशी दोघांनी केली. दोघांचाही हात प्लायवूड आणि सनमायकावर बसलेला. चार खिळे, थोडा फेविकॉल, वरून पट्टी मारली की काम झालं, अशी आमची समजूत होती. भरीव लाकूडही तसंच वागेल असं धरून आम्ही पहिलं मोठं टेबल केलं. वरचा फळा खालच्या चौकटीला चारही बाजूंनी चिकटवला आणि स्क्रूने करकचून आवळला. हवा कोरडी झाल्यावर तो फळा मधोमध तडकला. तडा वीतभर लांब होता. गिऱ्हाइकाने फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, निराशा होती, आणि तीच जास्त लागली.

चूक लाकडाची नव्हती. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत हा फरक नगण्य, पण रुंदीत चांगलाच. त्यातही खोडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने ते जितकं आक्रसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं त्याच्या साधारण दुप्पट. आम्ही त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. टेबल परत आणलं, नवा फळा केला आणि चौकटीतली स्क्रूची भोकं लांबट पाडली, म्हणजे फळा हवेप्रमाणे सरकू शकेल. हे ज्ञान कुठल्याही मिस्त्रीकडे असतं. आमच्याकडे नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही अगदी मुळापासून सुरुवात केली. पहिला महिनाभर रोज सकाळी फक्त धार लावली. पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट करायची; पाठ सपाट नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया. मग उतार २५ अंशांचा आणि अगदी टोकाशी ३० अंशांचा. घासता घासता पाठीच्या बाजूला वळलेली बारीक कड बोटाला लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली की समजायचं, दगड धारेपर्यंत पोहोचला. ती कड काढून पटाशी उजेडात धरायची. बोथट धारेवर पांढरी रेघ चमकते, खऱ्या धारेवर काहीच दिसत नाही. आणि शेवटची परीक्षा म्हणजे मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर पटाशी चालवायची. तंतू चिरडले तर पुन्हा दगडावर, गुळगुळीत चकाकी आली तर पास. मला आजही नव्या मुलाचा हात बघायचा असेल तर मी त्याला सांधा करायला सांगत नाही, धार लावायला सांगतो.

करवतीने मला जास्त रडवलं. रोज एक सांधा करूनही माझं कुसू डाव्या बाजूने सैल पडायचं. दीड महिना मी नेटाने तेच करत राहिलो, हात बसेल या आशेवर. मग मित्राने चिरलेले सांधे ओळीने मांडले आणि म्हणाला, ‘‘अरे, प्रत्येकात फट एकाच बाजूला आहे. हा सराव नाही, तू चूकच पक्की करतोयस.’’ त्याने मला कापताना शेजारी उभं राहून पाहिलं. माझं कोपर बाहेर जात होतं, त्यामुळे करवत खाली उतरताना तिरकी व्हायची. मी पाय मागे घेतला, खांदा, कोपर आणि करवत एका रेषेत आणली, तर्जनी करवतीच्या दिशेने सरळ ठेवली. रेघेवर न कापता रेघेच्या टाकाऊ बाजूने कापायला लागलो. चार दिवसांत फट कागदाएवढी झाली. दीड महिन्यात जे जमलं नव्हतं ते चार दिवसांत! चिरलेल्या सांध्यावर तारीख घालायची पद्धत तेव्हापासूनची.

माणसं वाढली तेव्हा या तासावरून कुरबूर झाली. रोज तासभर कशाला, शनिवारी एकदम चार तास करू, असं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. पुढे १९७८ सालचा एक प्रयोग वाचनात आला आणि फार बरं वाटलं. ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी काहींना रोज एकच तास दिला, काहींना दिवसाला चार. रोज एक तासवाल्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास कमी लागले. पण दिवस जास्त लागतात म्हणून समाधानीही तेच सर्वांत कमी होते. आमच्या पोरांची कुरबूर मला तेव्हा नीट समजली. दहा हजार तास घातले की माणूस तरबेज होतो, असंही सर्रास सांगतात. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या अभ्यासात तो आकडा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या सरावाची सरासरी होती. तिथे पोहोचलं की झालं, अशी ती पाटी नव्हती. त्यांचा भर होता तो चूक हेरून तेवढ्याच जागेवर काम करण्यावर. आमचा चिरलेला सांधा दुसरं काय करतो?

धंदा हळूहळू वाढला. आधी स्टुलं, मग टेबलं, मग कपाटं. खणांना बऱ्याच काळाने हात लावला. दमट हवेत फुगून अडकणार नाही आणि कोरड्या हवेत खुळखुळणार नाही असा खण करणं सोपं नाही, आणि अर्धवट जमलेलं काम गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचं नाही असं आम्ही त्या तडकलेल्या टेबलानंतर ठरवलं होतं. त्यापायी काही ऑर्डरी सोडल्याही. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

सध्या सकाळच्या तासाला खुर्चीच्या पाठीसाठी लाकूड वाफेवर वाकवणं चालू आहे. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ. पेटीतून बाहेर काढलं की साच्यावर वाकवायला जेमतेम काही सेकंद मिळतात. आतापर्यंत तीन पट्ट्या तुटल्या, तिन्ही वळणाच्या बाहेरच्या अंगाने, कारण ताण तिथेच येतो. म्हणून चौथीला बाहेरून पोलादी पट्टा बांधून वाकवली. ती अजून साच्यात आहे. परवा सोडवणार आहोत.