फणसाचा चीक आणि टेकडाऊन

मे महिन्यात आतेभाऊ मुंबईहून गुहागरला यायचा तो प्लेस्टेशन २ टॉवेलात गुंडाळून. गेम एकच, २००४ चा ‘बर्नआउट ३: टेकडाऊन’. इतर रेसिंगमध्ये धडकलात की रडा. इथे धडकवणं हेच काम. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये घुसा, घासून निघा, बूस्ट, म्हणजे जादा वेगाचा साठा, भरतो. दुसऱ्याला कठड्यावर चेपलं की बूस्टची पट्टी आणखी लांब. आणि आपणच आपटलो, तर बटण दाबून धरायचं: सगळं संथ होतं, आणि आपला उडालेला सांगाडा वळवून मागच्याच्या अंगावर घालता येतो. मरतानाही सूड! मला तेवढंच नीट जमायचं.

एकदा बरका फणस खाऊन तसाच खेळायला बसलो. बूस्टचं बटण आत गेलं ते वर येईना. आजीने काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला, खोबरेलात बुडवला आणि कडेकडेने फिरवत चीक काढला. "हात पुसून बसायला काय होतं रे तुला?"

बटण सुटलं. भाऊ मात्र दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी खेळायला हाक मारली, तर नेमके लाईट गेले.