‘शब्दशः’ला इंग्रजीत काय म्हणतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हल्ली मी ‘वर्बेटिम’ एवढंच म्हणून फोन ठेवते. परदेशातली रेकॉर्डिंग्ज ऐकायची आणि इंग्रजीत टाइप करून द्यायची, हे माझं अकरा वर्षांचं काम. त्यामुळे शेजारच्या वकीलबाईंपासून भाचीपर्यंत सगळे मलाच विचारतात: ‘शब्दशः’, ‘जसंच्या तसं’ याला इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

नेमका एक नाहीये हो. ढीग आहे. कविता पाठ असेल तर बाय हार्ट, त्यात माया आहे. नुसतं घोकलेलं असेल तर बाय रोट. त्यात ‘कळलं काहीच नाही’ हा टोमणा आलाच. पॅरट फॅशन म्हणजे आपली पोपटपंचीच, बिचारा पक्षी दोन्हीकडे बदनाम. वर्ड फॉर वर्ड बोलण्यालाही चालतं आणि भाषांतरालाही, फक्त भाषांतराला म्हटलं की ते बहुधा कौतुक नसतं. टू द लेटर हुकूम पाळण्यासाठी. चॅप्टर अँड व्हर्स बायबलवरून आलेलं, कुठे काय लिहिलंय ते ठावठिकाण्यासकट दाखवायचं. आणि ॲड वर्बेटिम म्हणू नका, हात जोडते. लॅटिनमध्ये ॲड वर्बम आहे, वर्बेटिमही आहे. हे त्या दोघांचं घाईतलं कलम. खुद्द इंग्रज म्हणत असले तरी.

पूर्वी मी इथेच थांबायचे. वर्बेटिम हा शब्द मी पहिल्यांदा कोऱ्या सीडीच्या डबीवर वाचला होता आणि डोक्यात त्याचा अर्थही तसाच बसला: आत गेलं तेच बाहेर येणार.

धंद्यात आल्यावर कळलं की वर्बेटिमचेही प्रकार असतात. स्ट्रिक्टमध्ये अं, ऊं, खोकला, तुटलेली वाक्यं, सगळं ठेवायचं. क्लीनमध्ये ‘यू नो’ काढायचं, अडखळणं काढायचं. म्हणजे धुऊन वाळवलेलं जसंच्या तसं! हसू नका. ब्रिटिश संसदेतल्या भाषणांच्या अधिकृत वृत्तांताची, म्हणजे हॅन्सार्डचीही रूढ व्याख्या साधारण अशीच आहे: काटेकोर वर्बेटिम नव्हे, पण मूलतः वर्बेटिम; पुनरुक्ती गाळलेली आणि उघड चुका सुधारलेल्या.

आता ते प्रकरण, जे मी आजवर फोनवर कुणालाच सांगितलेलं नाही.

इंग्लंडमधल्या एका कंपनीतली खातेनिहाय चौकशी होती. एजन्सीच्या फॉर्मवर फक्त ‘वर्बेटिम’ लिहिलेलं, पुढे-मागे काही नाही. गोदामात काम करणारी एक बाई, समोर दोन साहेब. आवाज खोल गेलेला, मागे कसलातरी पंखा. विचारलं गेलं, यंत्र बंद ठेवायची सूचना तुला दिली होती का? ती म्हणाली, “येस, नो, आय मीन, आय वॉज टोल्ड, बट...” तेवढ्यात साहेबाने पुढचा प्रश्न टाकला. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग टाइप केलं: “येस. आय वॉज टोल्ड.” पूर्णविराम.

तो ‘बट’ मला ऐकू आला होता. स्पष्ट. मी तो गाळला, कारण अर्धवट वाक्य कागदावर गबाळं दिसतं आणि मला स्वच्छ काम करायची हौस. ‘नो’सुद्धा गेला, अडखळण्याच्या हिशेबात.

दोन महिन्यांनी एजन्सीची मेल आली. बाईच्या बाजूने कुणीतरी मूळ रेकॉर्डिंग मागवून ऐकलं होतं. मी तडफेने उत्तर पाठवलं: फॉर्मवर स्ट्रिक्ट लिहिलं नव्हतं, तुमच्या मागच्या सगळ्या ऑर्डर क्लीन होत्या, मी नियमात आहे. होतेच मी नियमात. आजही म्हणेन. पण क्लीनच्या कुठल्याही नियमात ‘नाही’ आणि ‘पण’ गाळायला सांगितलेलं नाही, हे मला ती मेल पाठवतानाही माहीत होतं. त्या बाईचं पुढे काय झालं, मला कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

मग मी इंग्रजांवर चिडले. म्हटलं, भाषा तुमची, ‘वर्बेटिम’ही तुम्हीच सैल करून ठेवलात. तुमची पोरं तर ‘शी वॉज लाइक’ म्हणून दुसऱ्याचं बोलणं नकलेसकट सांगतात आणि त्यात तेच शब्द असतील अशी ऐकणाराची अपेक्षाही नसते. आपल्याकडे कसं, ‘मी येत नाही म्हणाला’. त्याचा ‘मी’ त्याच्याच तोंडात राहतो. असा वाद मी स्वतःशीच बरेच दिवस घातला. पण ‘येत नाही म्हणाला’ असं सांगतानाही आपण त्याचं ‘बघतो, जमलं तर’ गाळलेलं असतंच की. आईचा निरोप मावशीला देताना मी काय करते?

हल्ली प्रत्येक ऑर्डरला मी उलट विचारते: तुटलेली वाक्यं ठेवू का? दोघातिघांनी वैतागून काम दुसरीकडे दिलं. उरलेले म्हणतात, यूज युअर जजमेंट.

परवा भाचीचा फोन आला, अर्जात ‘शब्दशः’ला काय लिहू? मी म्हटलं, वर्बेटिम. “नक्की ना मावशी?” म्हणाली. मी म्हटलं, “हो, पण...” तिला तेवढ्यात दुसरा फोन आला.