तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या रानात सोनं का लागत नाही?

सोन्याच्या खाणीत भूवैज्ञानिक आहे म्हटल्यावर लातूरला गेले की कुणी ना कुणी बोअरमधून निघालेला चमकता खडा पुढे करतंच. "ताई, सोनं असेल का हो?" बहुतेक वेळा ती गारगोटी असते, नाहीतर झिओलाइट, म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होणारं चमकदार खनिज. देखणा दगड आहे, जपून ठेवा.

सोनं-चांदी शिरेत, म्हणजे खडकातल्या भरून गेलेल्या भेगेत बसते. खोलवर तापलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वर चढतं आणि वाटेत दाब, तापमान उतरलं की त्यात विरघळलेलं सोनं गारेबरोबर (गार म्हणजे क्वार्ट्झ, गारगोटीचा दगड) भेगेतच साचतं. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर; त्यांत सोन्याच्या शिरा नाहीत. त्यांच्याखाली फार जुना खडक आहे खरा, पण 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी बोअर घेतलं, तेव्हा 338 मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर तो लागला. कर्नाटकात रायचूरकडे असे प्राचीन खडक उघड्यावर आहेत, म्हणून तिथल्या हट्टी गावाला सोन्याची खाण आहे. तेव्हा रानातलं सोनं शोधून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

शीर असली तरी काम सोपं नसतं. ती कुठे हातभर रुंद, तर कुठे बोटभर. टनाला दहा ग्रॅम म्हणजे उत्तम माल, पण तेवढं सोनं सहसा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून शिरेला धरून बोगदा नेतात. स्फोटानंतर धूर निघून गेला, छतावरचे सैल दगड पाडले, की समोरचा 'फेस', म्हणजे बोगद्याच्या टोकाची खडकाची भिंत, पाण्यानं धुवायचा. मग राखाडी-पांढरी गार उठून दिसते. तिच्या आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसारख्या खोलीची खाच छिन्नीनं काढून चुरा पिशवीत भरायचा. गार कठीण, शेजारचा खडक मऊ. हात नकळत मऊ भागातलं जास्त पाडतो आणि तपासणीत निघणारा 'टनाला किती ग्रॅम' हा आकडा तिथंच बिघडतो. त्यामुळे नमुना घेताना मी शेजारून हलत नाही.

सोन्याचा एखादा मोठा कण पिशवीत आला तरी आकडा भलताच फुगतो. एकट्या पिशवीवर माझा विश्वास नाही. सगळ्या फेसचे आकडे नकाशावर मांडले की चांगला माल कोणत्या बाजूला उतरत गेलाय ते दिसू लागतं. त्या दिशेनं खाणीतूनच डायमंड ड्रिल, म्हणजे हिरे बसवलेल्या टोकाचं छिद्रयंत्र, लावायचं. निघालेला कोअर, म्हणजे खडकाची गोल कांडी, उभा कापून अर्धा तपासणीला जातो, अर्धा पेटीत राहतो; उद्या कुणाला शंका आली तर तो पुन्हा तपासता यावा.